रकाना सातवा

फॉर्मात सातवा रकाना : शेवटचं कधी दिसलं?
गोमा मढवी म्हणतात, लिही,
तलावाला दगडी काठ बांधला त्याच्या आदल्या साली.
साल? ते तुमच्या पालिकेला विचार.

माझ्याकडच्या नकाशात गोदेवर ठिपके, भीमेवर ठिपके,
ठाण्यावर एकच,
पुढे प्रश्नचिन्ह.

पाठ कशी होती?
त्यांनी माझा तळहात उलटा केला,
अंगठ्याखालचा मऊ उंचवटा दाबला.
अशी. ढाल नाही, ओलं कातडं.
आणि नाक बोरूच्या टोकाएवढं,
वर यायचं, एक श्वास, की गेलं.

मग बराच वेळ ते चहावरची साय बाजूला करत बसले.

काठ झाल्यावरही एक आली होती, म्हणाले. मादी.
ज्येष्ठ असेल.
नखं दगडावर घासत होती रात्रभर.
माती पलीकडे, जॉगिंग ट्रॅकखाली.
उचलून ठेवली असती मी,
पण चावतं ते.

कासवी म्हणे नुसत्या नजरेनं पिलं वाढवते.
खांबावरचा कॅमेरा
पाण्याकडे बघत होता.

मी आधीचं खोडलं.
रकाना अरुंद, तारखेपुरता.
त्यात लिहिलं :
रात्रभर.