दोन नंबर

आमच्याकडे दोन नंबर म्हटलं की लोक हसतात,
पावती नसलेला धंदा म्हणून.
मला तो रीतसर मिळाला,
महाप्याला तिसऱ्या मजल्यावर, मनगटाच्या पट्टीवर छापून.
रबाळ्याच्या कंपनीत मी बाटल्यांना लेबलं लावते,
पाळीत चार हजार.
मला कुणी लेबल लावायची ही पहिलीच वेळ.

एक नंबर निकेत तांडेल, दिवाळ्याचा,
खेकडे धरणारा, बोटांवर नांग्यांचे जुने व्रण.
नियम असा की आधी त्याला एकट्याला टोचायचं
आणि बाकीच्यांनी दोन दिवस थांबायचं,
त्याच्या अंगात काय होतं ते बघत.
थांबायचं म्हणजे काम काय, मी विचारलं.
नर्स म्हणाली, तेच काम.

कॅमेऱ्यापुढे बसवून विचारलं, कळलं का?
म्हटलं, कळलं. रोग टोचत नाही तुम्ही.
चोराचा नुसता सदरा आणता,
आणि कुत्र्याला वास देऊन ठेवता,
चोर कधी आलाच तर.
डॉक्टर म्हणाले, कागदात असं लिहिलेलं नाही,
पण चालेल.

कागदात एक वाक्य होतं, पान सात, खालून तिसरं:
कोणतेही कारण न सांगता आपण केव्हाही बाहेर पडू शकता.
मी ते तीनदा वाचलं.
लग्नात कुणी वाचून दाखवलं नव्हतं असलं काही.
कंपनीत तर लघवीला जायचं तरी कारण लागतं.

मंगळवारी रात्री फोन आला,
एक नंबरला ताप, एकशे एक पॉइंट चार,
तुमचा बुधवार पुढे गेला, कमिटी बसतेय.
मी फोन ठेवला आणि भाकरी करपू दिली.
ज्याला दोनदा पाहिलं
त्याचा दंड माझ्या दंडात ठणकत होता.
दार उघडंच होतं. पान सात.
बुधवार गेला. गुरुवारी
मी बाटल्यांवर लेबलं उलटी लावली, बावीस,
आणि सुपरवायझरला कारण सांगितलं नाही.

शुक्रवारी तो शेजारच्या खुर्चीवर, ताजा, दाढी केलेला.
औषध होतं का खारं पाणी, डॉक्टरलाही ठाऊक नसतं म्हणे.
तो म्हणाला, खारा पानी असंल तं फुकट गेला,
त्यो माज्या आंगान पयलाच हाय.
मग माझ्या डाव्या दंडावर कापूस फिरला.
का आले, ते मला अजून सांगता येत नाही.
एवढंच की जाता येत होतं.

निघताना त्यानं डॉक्टरांना विचारलं,
ह्यो इबोला म्हंजी काय, मानसाचा नाव?
नदीचं, डॉक्टर म्हणाले. तिकडे आफ्रिकेत आहे एक.
तांडेल चप्पल घालता घालता थांबला.
म्हणाला, मग त्या नदीवरची मानसा
बाजारान मासली कशी इकत असतील?
खालून मावरा कुटला म्हनून इचारला तं?
कुणी काही बोललं नाही.
सुई टाकायच्या पिवळ्या डब्याचं झाकण लागलं, तेवढं ऐकू आलं.

आता सात रात्री मी डायरी भरते.
लालीचा घेर मोजायला पोरीच्या कंपासपेटीतली पट्टी.
ताप: अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. सूज: नऊ मिलिमीटर.
डोकेदुखी: थोडी, पण ती नेहमीचीच, ते कसं लिहायचं?
शेवटचा रकाना: इतर.

तिसऱ्या रात्री मी तिथे लिहिलं,
त्या बायका टोपली घेऊन बसल्या की नाव काय सांगतात.
मग वाटलं, हे लक्षण नाही.
एक आडवी रेघ मारली, शिकवली तशी,
खालचं वाचता येईल इतकी बारीक.

आठव्या दिवशी नर्सनं पान उलटलं, रेघेवर बोट ठेवलं,
बराच वेळ वाचत राहिली.
मग पेन पुढे केलं.
खोडलंय ना ताई,
शेजारी सही करा. आणि तारीख.