गुडघ्यातून ग्रहण

आडनाव हेडाऊ. त्यामुळे गोव्याच्या क्लबात
पहिल्याच दिवशी ठरलं, हा हेडरचा माणूस.
डोक्यानं मारलेले माझे गोल एकूण दोन,
त्यातला एक खरं तर खांद्याला लागून गेला.
जे होतं ते डाव्या पायात होतं,
आणि तो गेला अठ्ठाविसाव्या मिनिटाला,
कुणी हातही लावला नसताना.

आवाज मी ऐकला. अडकित्त्यात सुपारी फुटते तसा.
रेफरीला ऐकू आला नाही.
मी गवतावर बसलो
आणि चेंडू माझ्याशिवाय पुढे गेला.

धंतोलीच्या डॉक्टरांनी
मांडीमागची नस काढून गुडघ्यात ओवली,
वर दोन स्क्रू.
बाबांनी सगळं ऐकून घेतलं.
तांडापेठेत चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस,
त्यांनी एकच विचारलं,
"गाठ कोणती मारली जी?"
डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत.
परत येताना ऑटोत म्हणाले,
"सांधलेला धागा चालते न बे.
फक्त ठोक्याले हात हलका ठेवा लागते."

हलक्या हातानं गोल कसा मारायचा
हे मला चार मोसमांत कुणी सांगितलं नाही.
चेंडू कुठं पडणार ते अजूनही
सगळ्यांच्या आधी कळायचं.
मी पोचायचो, तेव्हा तिथं दुसरंच कुणी असायचं,
एकोणीस-वीस वर्षांचं, घामही न आलेलं.
करार वर्षाचा झाला, मग सहा महिन्यांचा,
मग नुसतं "जानेवारीत बोलू".
कोलकात्यात दुसऱ्यांदा तुटला
तेव्हा सुपारीचा आवाजसुद्धा आला नाही.

घरी आलो त्या डिसेंबरात सूर्यग्रहण होतं.
सकाळी परात्यांची खुशाली दारात,
"दादा, तुमचा एक्सरे द्या न."
कपाटावर पाच होते. पाचही गेले.
अख्खी गल्ली गच्च्यांवर चढून
माझ्या गुडघ्यातून वर बघत होती.
शाळेतले सर खालून ओरडत होते, डोळे जातील, डोळे.
"सूर्याले स्क्रू लागला!" खुशाली म्हणाली.
मग माझी पाळी आली.
दोन हाडांमधल्या काळ्या फटीत
एका बाजूनं कुरतडलेला सूर्य,
आणि तरी तेवढाच गरम.
खूप वेळ बघत बसलो. नंबर लावून उभी असलेली पोरं
कुरकुरायला लागली.

आता पहाटे पाचला रेल्वेच्या मैदानावर असतो.
मे महिन्यात सहानंतर माती पायाला चटके देते,
म्हणून फक्त एक तास, शिट्टी, सहा चेंडू,
त्यातला एक कायम बसका.
परवा उजवीकडून खुशालीनं क्रॉस टाकला,
जरा उंच. कुणी धावलंच नाही.
मी उडी मारली.
कपाळाच्या मधोमध लागला,
आणि उतरलो उजव्या पायावर,
हलका.

तिसरा.
गोलकीपर अकरा वर्षांचा होता,
त्यामुळे मोजायचा की नाही
ते अजून ठरवलेलं नाही.