गार पाण्यानं धुवायचं

चार किलो कापूस रोज डोक्यावर बसतो,
असं मी म्हणते. काटा तसं दाखवत नाही.
मानवतच्या जिनिंगात, वजनकाट्याच्या खोलीत
एकोणीस हंगाम झाले.
दिवाळी सरली की संध्याकाळपर्यंत
सगळेच म्हातारे होऊन घरी जातात,
मिसरूड न फुटलेला हमालसुद्धा.
दारात झटकलं की परत तरणे.
यंदा मी झटकलं,
आणि थोडं पांढरं तसंच राहिलं.

गेले होते काळं करायला.
फिरदोसनं कार्ड पुढं केलं, केसांचे बारके झुबके
ओळीनं चिकटवलेलं,
आणि माझं बोट काळ्यावरून घसरलं
पार खालच्या ओळीत.
"ये?" फिरदोस म्हणाली.
बोट हललं नाही.

आधी कानामागं एक थेंब, दोन दिवस वाट.
मग ब्लीच. चांदीच्या कागदाच्या पुड्या डोकंभर,
आणि सोडल्या तेव्हा आरशात
वाळल्या कडब्यासारखी कुणीतरी बसलेली.
उठून पळावंसं वाटलं, पण अशा डोक्यानं
पळणार कुठं?
कपाळाच्या कडेनं व्हॅसलीन, मग लाल, मग चाळीस मिनिटं.
फिरदोसच्या पोरीनं तोवर पाढे म्हणून दाखवले.
तेराच्या पाढ्यात दोनदा अडली.

"गरम पानी नको हां आपा.
तीन दिन सर नको धोना.
और धूप से बचाना."
ऊन चुकवायचं, परभणी जिल्ह्यात!
आम्ही दोघी हसलो.

सगळ्या रंगांत लाल आधी पळतो.
बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर धरणारं,
ते तर रंग खातंच.
नळ आठव्या दिवशी.
म्हणून माठातलं, दोन तांबे, मोजून,
डोकं खाली घालून, श्वास धरून.
तेल बंद. डोक्याला सुती रुमाल.
दीड महिन्यानं भांगात काळं-पांढरं उगवतं,
तेवढंच रंगवायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही.
उशीचा अभ्रा गुलाबी. पंचा गुलाबी.
नवऱ्याची बनियन गुलाबी.
"हे कामून?" त्यानं बनियन धरून विचारलं.
केसांचं अजून काही बोललेला नाही.

डब्यावर चेरी लिहिलंय.
चेरी मी केकवरची खाल्लीय, गोड रबर.
मला हा रंग करडईचा वाटतो.
फूल उमलतं पिवळं,
वाळायला लागलं की लाल होत जातं.
माहेरच्या शेतात काटे टोचून घेत
हे मी शंभरदा बघितलं असेल,
लक्षात आता आलं.

टेम्पोवाले म्हणायलेत, "लाल काट्यावर घे."
घे म्हणावं.
भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन,
चिठ्ठी, सही. आकडे तेच आहेत.

परवा धुरपदाबाई खिडकीशी आली.
सरकी झाडते ती, सत्तरीची असेल,
पदर कधी कपाळावरून ढळलेला नाही.
"किती पडले?"
"चौदाशे."
बराच वेळ गप्प. मग, "थोडं उरतं का गं त्यातलं?"

अर्धी ट्यूब होतीच.
दुपारच्या सुट्टीत काट्यामागच्या नळाशी
एकच बट घेतली, कानाजवळची.
पांढऱ्याला ब्लीच लागत नाही,
त्यानं आधीच सगळं सोडलेलं असतं.
नळ कोरडा, म्हणून माझ्या बाटलीतलं पाणी घातलं.
"गार हाय," ती म्हणाली.
"गारच लागतं," मी.

आज सकाळी एक गाडी काट्यावर उभी,
आकडा ठरायचा होता.
धुरपदाबाई झाडू घेऊन पलीकडून गेली.
खिडकीसमोर आली तेव्हा
पदर दोन बोटं मागं घेतला,
माझ्याकडं बघितलं नाही,
आणि परत पुढं ओढला.
ड्रायव्हर हॉर्न वाजवायलाय, बाई, वजन!