पायाखालची पेटी

पुलपीट ज्यानं बांधलं
तो सुतार सहा फुटी असावा.
थर्झा वूल्नो पहिल्यांदा वर चढली तेव्हा
मंडळीला दिसली फक्त तिची टोपी
आणि टोपीवरचं पीस, वाक्यागणिक हलणारं.
मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

टास्मानियातला युद्धाचा तिसरा हिवाळा.
पाळक आघाडीवर गेलेले,
म्हणून ‘तात्पुरती’ असा शब्द जोडून
तिच्या हाती दिलेली चार खेड्यांच्या चर्चची किल्ली.

पुढच्या रविवारी ती पेटी घेऊन आली.
ह्यूऑनच्या खोऱ्यात पेट्या पैशाला पासरी:
पाइनच्या फळ्या, बाजूला चिकटवलेलं लेबल,
लाल सफरचंद, निळी नदी, खाली ‘निर्यातीसाठी’.
पालथी ठेवली. वर चढली.
चेहरा दिसला तेव्हा
कुणी हसलं नाही.

युद्ध संपलं. पुरुष परतले, जे परतले ते.
सिनडनं आभाराचा ठराव केला,
सहा कपांचा चहाचा सेट दिला
आणि किल्ली परत मागितली.
थर्झानं किल्ली दिली.
पेटी कुणी मागितलीच नव्हती.

मग पेटी फिरू लागली.
दुधाच्या लॉरीतून एनिड स्कार्थकडे,
टपालाच्या बसमधून मर्ल टिबल्सकडे, डोंगरापलीकडे.
प्रत्येकीनं आतलं आपलं जुनं पत्र काढायचं,
नवं ठेवायचं, वर सफरचंदं रचायची.
भेटायचं तर मुरंब्याच्या निमित्तानं:
ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं,
साखर उकळत असताना अर्जाचा मसुदा वाचायचा,
दार वाजलं की पळी ढवळायची.
चर्चमध्ये ती एक ओळ वाचली जायची, सगळ्यांना पाठ असलेली,
तेव्हा तोंडात मिठाची गुळणी.
मुरंबा मात्र, सगळे म्हणत, फार छान व्हायचा.

पेटीच्या आतल्या फळीवर पेन्सिलीचा हिशेब आहे.
बाजूने अकरा. विरुद्ध चौसष्ट.
चार वर्षांनी: बाजूने अकरा. विरुद्ध त्रेसष्ट.
शेजारी मर्लच्या तिरक्या अक्षरात: ‘तो एक कोण?’
त्याखाली एनिड: ‘वारला.’

एक नाव खोडलेलंही आहे, ऊना गार्लिक.
ऊनानं सभेत उठून सांगितलं होतं
की मला नको ही दीक्षा, माझ्या बहिणींनाही नको,
आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसली होती.
कुणी खोडलं ते कळत नाही.
बऱ्याच वर्षांनंतर, बॉलपेनानं,
तेच नाव कुणीतरी पुन्हा लिहिलंय.
अक्षर कापरं आहे.

शेवटचा आकडा फळीवर नाही.
त्या दिवशी बहुतेक पेन्सिल सापडली नसेल,
किंवा मर्ल थेट रस्त्यावर गेली असेल
आणि थर्झाच्या कबरीशी उभी राहिली असेल.
हे मी रचतेय. मला माहीत नाही.

मला हे सगळं आयतं मिळालं:
दीक्षा, पगार, पांढरी कॉलर,
आणि गेल्या महिन्यात, चर्च विकण्याचं काम.
सुट्टीला येणाऱ्यांसाठी तिथे घर होणार आहे.
शेवटच्या प्रार्थनेला नऊ जण आले.
माझी उंची पाच फूट अकरा इंच,
तरी मी पेटी पालथी घातली, वर चढले,
आणि टांगलेला दिवा टाणकन कपाळावर बसला.
मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.
या वेळी मीही.

विक्रीआधी यादी करायची होती.
पुलपीट एक, घंटा एक,
बाक चौदा, प्रभुभोजनाचे पेले छत्तीस.
शेवटी रकाना: ‘इतर काही?’
मी लिहिलं, नाही.

सध्या तिच्यात बटाटे आहेत.
गुरुवारी ती लाँसेस्टनला निघेल,
दुसऱ्या पंथातल्या एका मुलीकडे.
त्यांच्यात अजून बाजूने सातच आहेत.
तिची उंची मी विचारलेली नाही.
पेन्सिल टाकलीये आत, टोक करून.