दोन सह्या

रात्री नऊला शटर अर्धं ओढून
मी फ्रीझरच्या झाकणावरच वही उघडते.
खाली गोठलेला बांगडा, वर माझे हात.
ताकोराडीचं बंदर अजून जागं आहे,
क्रेनचा दिवा पानावर येतो, जातो.

पाटीवर लिहिलंय : आराबा क्वान्सा, कोल्ड स्टोअर.
अकरा वर्षं झाली.
वहीत मात्र माझ्या नावे काहीच नाही.
बर्फ, वीज, डिझेल, ट्रकवाला,
पोरीची फी, तीही 'किरकोळ'मध्ये,
मान्साची उधारी, जी मागितली तर मैत्री जाईल,
सगळे आहेत.
मी गल्ल्यातून घेते ते मांजरीसारखं,
कुणाचं लक्ष नसताना.

बँकेतल्या पोरानं विचारलं होतं,
"आंटी, उद्या दुकान बंद पडलं तर तुमचं काय?"
बंद कशाला पडेल, म्हटलं.
तो पेन धरून थांबूनच राहिला.

आज पानाच्या मधोमध रेघ ओढली.
पट्टी नव्हती, गोठलेला मासा लावला.
वाकडी आली. असू दे.

डावीकडे माझं.
बहिणीच्या घरामागची जमीन,
कागद मामाकडे, म्हणून अर्धीच धरली.
सूसूवाल्या एबोकडची भिशी,
रोजचे दहा सेडी, दोनशे सत्तर दिवस.
आईचे मणी. पुढे आकडा नाही. मणी, एवढंच.
तीन फ्रीझर...
इथे पेन अडलं.
तिसऱ्याचे हप्ते बाकी, पहिला रात्रभर कण्हतो,
त्याला खरेदीच्या भावात धरणं म्हणजे
मी स्वतःला विशीतली म्हणवणं.

उजवीकडे द्यायचं.
ते भराभर झालं. देणं पाठ असतं.

वजाबाकी केली. पुन्हा केली.
आकडा छोटा निघाला, पण शून्याच्या वर,
पाण्याबाहेर नाक असावं तेवढा.
मला वाटायचं, मी बुडालेय.
बाजाराला वाटतं, मी पैसेवाली.
दोघंही चुकलो.

मग व्हाउचर फाडलं.
पगार, ऑगस्ट. नऊशे सेडी.
'देणार'पुढे सही झरकन झाली.
'घेणार'पुढे हात अडखळला,
दुसरीच कुणी आलीय दारात
आणि तिचं नाव मला विचारावं लागतंय, असा.

तेवढ्यात वीज गेली.
फ्रीझर एकेक करून गप्प झाले.
अंधारात नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या,
वळसा घालून
गिऱ्हाईक उभं राहतं तिथे गेले,
आणि हात पुढे केला.