पाट

देवगडच्या सरकारी दवाखान्यात
ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात एक पाट आहे.
फणसाचा, वीतभर उंच पायांचा.
त्यावर सलाइनचे खोके रचलेले असतात.

मी रुजू झाले तेव्हा
निवृत्तीला आलेला दाजी वॉर्डबॉय म्हणाला,
'पेडणेकरबायचो तो. टाकूक दिलंय नाय.'

डॉ. शालन पेडणेकर. सन चौऱ्याहत्तर.
टेबल पुरुषांच्या कंबरेला बेतलेलं, जमिनीत पक्कं.
हातमोजे साडेसात नंबरचे,
बोटांच्या टोकांशी पोकळ.
मोजे त्यांनी मनगटाशी दोऱ्याने आवळले
आणि जयराम मेस्त्रीकडून हा पाट करून घेतला.
मजुरी म्हणून त्याच्या बापाचा हर्निया.

पहिला पेशंट बाबी तांडेल.
पाकटाचा काटा मांडीत मोडलेला,
खाटेवरून उचलून आणला होता.
'डागतर कधी येतलो?'
'इलंय मी.'
'तुमी नाय गे बाये, डागतर.'

कंपाउंडरला भोवळ आली,
मग गॅसबत्ती धरायला बाबीची बायकोच उभी राहिली.
जन्मभर जाळी सांधलेली बाई.
शेवटच्या टाक्याकडे बघून म्हणाली,
'हयसर ढिली रवली.'
बाईंनी गाठ सोडली, पुन्हा मारली.

हे कुठे लिहिलेलं नाही.
केसपेपर वाळवीने खाल्ले.
भिंतीवर सर्जनांची नावं आहेत;
त्यांच्या नावाआधी पेंटरने सवयीने 'श्री.' काढला होता.
नंतर कुणीतरी त्यावर रंग फासला,
पण दर श्रावणात भिंत ओलावली
की तो श्री. हळूच वर येतो.

माझं टेबल पायाने दाबलं की खाली-वर होतं.
मोजे सहा नंबरचे, पाकीटबंद.
तरी काल पहाटे
ट्रॉलरच्या दोरात हात सापडलेला पोरगा आला,
वीज गेली, आणि टेबल वरच अडकलं.

बाहेर त्याची आई विचारत होती,
'डागतर इलो?'
'इली,' दाजी म्हणाला.
आत येऊन, मी काही सांगायच्या आधीच
त्याने खोके उतरवले
आणि पाट माझ्या पायांशी सरकवला.

एक पाय आखूड आहे त्याचा.
डावीकडे भार दिला की डुगडुगतो.
त्याही डावीकडेच भार देत असणार,
तिथे लाकडात टाचेएवढा खळगा पडलाय.

माझी टाच त्यात पुरती बसत नाही.