मूठ म्हणजे दहा

मूठ म्हणजे दहा.
मुठीशेजारी एक बोट, की अकरा. चार बोटं, की चौदा.
पंचांच्या हाताकडे बघायचं आणि लिहायचं,
पोरींच्या तोंडाकडे बघायचं नाही,
हे मला शिंगटे सरांनी शिकवलं.
सर गेले तेव्हाही खिशात दोन पेनं होती,
एक लाल, एक निळं.

सांगली. झोनलची फायनल. दुपारचे साडेचार.
कारखान्याचं गळीत सुरू झालंय,
वारा फिरला की कोर्टभर मळीचा वास.
पश्चिमेच्या रिंगला जाळी नाही,
त्यामुळे बॉल आतून गेला की बाजूनं
यावर दर पाच मिनिटांनी कालवा.
भिंतीवर पुराची रेघ, माझ्या खांद्याएवढी,
तिच्याखाली कुणीतरी रंगवलंय: येथे थुंकू नये.

विट्याच्या पोरी उशिरा आल्या,
एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलेली.
सातच जणी. जर्सी पोरांच्या संघाच्या,
काखेत टाचण्या.
मिरजेच्या बारा, सगळ्यांचे बूट एकाच दुकानातले.

बास्केट म्हणजे तिरकी रेघ.
फ्री थ्रो म्हणजे ठिपका.
तीनची बास्केट म्हणजे नंबराभोवती गोल.
तो गोल मी दिवसभरात एकदाच काढला,
अकरा नंबर, तहसीन शिकलगार,
आणि काढताना उगीचच
जरा नीट काढला.

चौथा क्वार्टर, निळं पेन.
अडतीस-अडतीस, दीड मिनिट बाकी.
रिंगखाली सहा जणी, एकच गर्दी, शिट्टी.
कोपर मी पाहिलं.
चौदा नंबरचं होतं. अश्लेषा यमगर,
आटपाडीकडची, सगळ्यांत उंच,
आपल्याच उंचीला जरा लाजून खेळणारी.
पंच टेबलाकडे वळले, ऊन थेट डोळ्यांत.
मूठ.
आणि एकच बोट.

तीन बोटं कमी.

हॉर्न माझ्या हाताशी होता.
मी अकराच्या नावापुढं पी लिहिला, पाचवा,
आणि पाचचा लाल फलक
मीच वर धरला.

तहसीननं वाद घातला नाही.
टेबलाजवळून जाताना हळूच म्हणाली,
ताई, तुम्ही बघितलंय की.
यात प्रश्न नव्हता. तक्रारही नव्हती.
मी म्हटलं, बेंचवर बस.

मिरजेचा एक ठिपका. एकोणचाळीस.
मग बॉल इकडं, बॉल तिकडं,
नऊ सेकंद राहिले असताना फाऊल,
आणि जाळी नसलेल्या रिंगसमोर
चौदा नंबर. दोन फ्री थ्रो.
पहिला पडला.
दुसऱ्याआधी तिनं बॉल आपटला, पुन्हा आपटला,
आपटतच राहिली.
बेंचवरून आवाज आला, सगळ्यांत मोठा,
ए यमगर, वर बघ की गं, खाली काय पडलंय!
तहसीनचा.

चाळीस-एकोणचाळीस.
विट्याच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या,
ढोल कुठून आला कळलं नाही.
अश्लेषा त्या गराड्यातून
वाट काढत टेबलापाशी आली,
धापा टाकत म्हणाली,
दुरुस्त होतंय का हे?
मी पंचांची सही दाखवली. शाई ओली होती.
ती बराच वेळ सहीकडेच बघत राहिली.

पांढरी प्रत विद्यापीठाला,
गुलाबी जिंकलेल्यांना, पिवळी हरलेल्यांना.
गुलाबी न्यायला तहसीनच आली.
पाच पी तिनं नखानं मोजले,
मग गोलावर बोट ठेवून म्हणाली,
हे भारी काढलंय तुम्ही.

माझंही नाव आहे अशाच एका कागदावर,
कॉलेजच्या कपाटात, कार्बनचं, पुसट.
चार फाऊल.
चारच कसे, ते विचारू नका.

दिवे लागले. खुर्च्या मोजून द्यायच्या होत्या.
टेबलाच्या कडेला दोन टाचण्या राहिलेल्या,
जर्सी उतरवताना कुणीतरी ठेवलेल्या.
पेनांच्या डबीत टाकल्या.
घरी येईपर्यंत
प्रत्येक खड्ड्याला वाजत होत्या.